गोकूचा चेहरा कोण ठरवतं?

'ड्रॅगन बॉल झेड' या जपानी ॲनिमेशन मालिकेचे लागोपाठ सहा-सात भाग घ्या आणि प्रत्येकात नायक गोकूचा एक क्लोज-अप थांबवून बघा. कुठे हनुवटी टोकदार, डोळे अरुंद, दंडावर स्नायूंच्या चार-चार रेघा. कुठे गाल भरलेले, नाक बारीक, खांदे उतरते. पोशाख तोच, केसांची टोकंही तीच, तरी माणूस वेगळा वाटतो. याला हलगर्जीपणा म्हणता येणार नाही. त्या भागावर शेवटचा हात कोणाचा फिरला होता, ते या चेहऱ्यात दिसतं.

'ड्रॅगन बॉल' ही मालिका तोएई स्टुडिओने 26 फेब्रुवारी 1986 रोजी टीव्हीवर आणली. 153 भागांनंतर, एप्रिल 1989 मध्ये, 'झेड' सुरू झाली आणि 31 जानेवारी 1996 पर्यंत तिचे 291 भाग झाले. दोन्ही मिळून 444 भाग, जवळजवळ दहा वर्षं, आठवड्याला एक या गतीने. मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, अकिरा तोरियामा यांचा. पण पडद्यावर हलणारी चित्रं तोरियामा काढत नव्हते. ती शेकडो हातांनी काढली, आणि त्यांतल्या मोजक्या हातांनी मालिकेला तिचं रूप दिलं. ते हात कोणते आणि त्यांची सत्ता कुठवर चालते, हे कळलं की 'या भागात ॲनिमेशन बिघडलं' किंवा 'आज बजेट वाढलं वाटतं' असं म्हणताना आपण दहा वेळा विचार करू.

डिझायनर नेमकं काय देतो

कॅरेक्टर डिझायनर म्हणजे पात्राचं देखणं चित्र काढणारा, असा समज आहे. त्याचं खरं काम जास्त अवघड असतं. मांगातलं पात्र शंभर वेगवेगळ्या लोकांना एकसारखं आणि झटपट काढता आलं पाहिजे, अशा रूपात त्याला ते मांडावं लागतं. त्यासाठी तो नमुना-चित्रांचा संच बनवतो. जपानी स्टुडिओत या संचाला 'सेत्तेइ' म्हणतात. एका मुख्य पात्राच्या संचात ते पात्र समोरून, पाऊण बाजूने, पूर्ण बाजूने आणि पाठीमागून उभं दाखवलेलं असतं. डोकं वरून आणि खालून कसं दिसेल, हसताना, चिडताना, मार खाताना तोंड कसं होईल, कमरपट्ट्याची गाठ कुठे बसते, बुटाला पट्ट्या किती, हेही त्यात असतं. लढाईनंतर फाटलेल्या कपड्यांची चित्रं वेगळी. शिवाय सगळी पात्रं एका ओळीत उभी केलेला उंचीचा तक्ता असतो. तो नसेल तर एका शॉटमध्ये क्रिलिन गोकूच्या कमरेला लागतो आणि पुढच्याच शॉटमध्ये छातीला.

मांगाकार काळ्या शाईत काम करतो. ब्रशची रेघ जाड-बारीक होते, मध्येच तुटते, सावलीसाठी बारीक रेघांची जाळी टाकता येते. टीव्हीच्या चित्रात यातलं फारसं काही टिकत नाही. प्रत्येक रंगाचं क्षेत्र बंद रेघेने वेढलेलं लागतं, नाहीतर रंग भरणाऱ्याला हद्दच कळत नाही. सावली कुठे संपते ती सीमा वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने आखावी लागते. त्वचेसाठी उजळ रंग, सावलीचा रंग आणि चमक असे दोन किंवा तीन थर ठरवावे लागतात. हे सगळे निर्णय डिझायनरचे असतात आणि ते शेकडो भागांवर लागू होतात.

लढताना गोकू सुपर सायान हे जास्त ताकदीचं रूप घेतो; त्या रूपातले केस हे याचं चांगलं उदाहरण आहे. मांगात ते कोरे, पांढरे सोडलेले आहेत. तोरियामांनी त्याचं कारण अगदी व्यवहारी सांगितलं होतं: गोकूचे काळे केस शाईने भरण्यात सहायकाचा फार वेळ जात असे. टीव्हीवर ते केस सोनेरी झाले आणि मांगात वाचलेली मेहनत इथे दुसऱ्या दाराने परत आली. सोनेरी रंग, त्याची सावली, वर अंगाभोवतीचं धगधगतं तेज, आणि तेही स्वतंत्र थरावर हलतं ठेवायचं.

म्हणून अनुभवी डिझायनर प्रत्येक रेघेचा हिशेब करतो. दंडावर तीन रेघा वाढवल्या की त्या फक्त त्याच्या चित्रात वाढत नाहीत. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरणारा कलाकार बहुधा चित्रामागे पैसे घेतो, टीव्हीच्या कामात साधारण 200 येनांच्या घरात. चित्रात दहा रेघा असोत की तीस, दर फारसा बदलत नाही. रेघा वाढल्या की त्याचा वेळ वाढतो आणि मिळकत घटते. मग हात घाईने चालतो, रेघा एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना थरथरतात आणि पडद्यावर स्नायू उकळत असल्यासारखे दिसतात.

एका भागाचा हिशेब

जाहिराती आणि सुरुवातीची-शेवटची गाणी वगळली तर अर्ध्या तासाच्या भागात सुमारे 20 मिनिटांचं चित्रण उरतं, म्हणजे 1200 सेकंद. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 28,800 फ्रेम. साप्ताहिक मालिकेला एका भागामागे साधारण 3000 ते 5000 चित्रं परवडतात. 3500 धरली तर एक चित्र सरासरी आठ फ्रेम पडद्यावर थांबतं, सेकंदाला तीनच चित्रं. ही सरासरी आहे. कोणी सेकंदाला बारा चित्रं खर्च केली, तर दुसरीकडे कोणाला तरी चार सेकंद ओठांची हालचाल आणि एक सरकतं पार्श्वचित्र यांवर भागवावं लागतं. फ्रीझा या खलनायकाशी झालेल्या लढाईत एकमेकांकडे टक लावून उभी असलेली पात्रं, वारा आणि लांबवलेली गर्जना एवढी का दिसते, याचं अर्धं उत्तर या गणितात आहे. उरलेलं अर्धं असं, की मांगा आठवड्याला जेमतेम पंधरा पानं पुढे सरकायचा आणि मालिकेला त्याला गाठायचं नव्हतं.

याच 20 मिनिटांचे साधारण 300 कट, म्हणजे सलग चालणारे शॉट, होतात. प्रत्येक कटचा एक लिफाफा असतो. त्यात मांडणीचं रेखाटन, मुख्य चित्रं आणि टाइमशीट एकत्र फिरतात. कुठलं चित्र कितव्या फ्रेमवर दिसणार आणि किती फ्रेम टिकणार, याचा तक्ता म्हणजे टाइमशीट. मुख्य चित्रं काढणारा ॲनिमेटर, ज्याच्या कामाला 'गेंगा' म्हणतात, चित्रांइतकंच या तक्त्यातून बोलतो.

एक ठोसा घ्या. हात मागे नेण्याला चार चित्रं, प्रत्येक तीन फ्रेम: बारा फ्रेम. ठोसा पुढे जातो तेव्हा ओढल्यासारखं लांबलेलं एकच चित्र, एक फ्रेम. आघाताला काळ्या-पांढऱ्याचा उलटा झगमगाट, दोन फ्रेम. मग मार बसलेल्याचा मागे फेकला गेलेला चेहरा नऊ फ्रेम. बरोबर एक सेकंद, आणि त्यात ठोसा गालाला टेकलेला कुठेच काढलेला नाही. दुसरा ॲनिमेटर हाच कट प्रत्येक चित्र दोन-दोन फ्रेम ठेवून सलग, गुळगुळीत करेल. त्याची चित्रं जास्त लागतील आणि ठोसा हलका वाटेल. स्टोरीबोर्ड दोघांना एकच मिळाला होता. वजन आणि वेग या गोष्टी ॲनिमेटरच्या हातात असतात.

साक्कान: चेहऱ्याचा मालक

एका भागाचे 300 कट पाच-सात जणांत वाटले (आज वीस-तीस जणांत), तर चेहरे पाच-सात प्रकारचे होणारच. ते एकसारखे करण्यासाठी प्रत्येक भागाला एक ॲनिमेशन दिग्दर्शक असतो. त्याचं जपानी पद 'साकुगा कांतोकु', बोलताना 'साक्कान'. तो ॲनिमेटरच्या चित्रावर पातळ रंगीत कागद ठेवतो, बहुधा पिवळा, आणि त्यावर दुरुस्ती काढतो. पुढच्या टप्प्यावर हीच दुरुस्ती प्रमाण मानली जाते.

त्याच्याकडे वेळ थोडा असतो, म्हणून तो निवड करतो. आधी डोळे आणि तोंड, मग डोक्याचा आकार, मग हात. पळणारं शरीर, उडणारी माती, स्फोट यांना तो बऱ्याचदा हात लावत नाही. त्यातून बघणाऱ्याला एक उपयोगी खूण मिळते: चेहरा बहुतेक साक्कानचा असतो, हालचाल ॲनिमेटरची. एखाद्या भागात चेहरे नेहमीचेच असून मारामारी अचानक वेगळ्या तालात गेली, तर कोणीतरी वेगळा ॲनिमेटर तिथे आला आहे असं समजावं.

'झेड'च्या काळात तोएईकडे असे अनेक गट आळीपाळीने काम करत. एका भागाला कित्येक आठवडे लागतात आणि प्रसारण दर आठवड्याला, त्यामुळे समांतर चालणारे गट लागतातच. एक साक्कान काही आठवड्यांनी पुन्हा पाळीवर येई. तादायोशी यामामुरोंचा गोकू कोनदार, ताठ, घट्ट स्नायूंचा. मासायुकी उचियामांचा जास्त लवचिक आणि साधा. मित्सुओ शिंदो, युकिओ एबिसावा, तोमेकिची ताकेउची, काझुया हिसादा या प्रत्येकाचे डोळे आणि जबडे सवयीने ओळखता येतात. नमुना-चित्रांचा संच सगळ्यांसमोर एकच होता. पण दहा वर्षं रोज तेच पात्र काढणारा माणूस संच उघडून बघत नाही, हाताच्या ओळखीने काढतो, आणि हाताला स्वतःचं वळण असतं.

चार डिझायनर

सुरुवातीचे डिझायनर मिनोरू माएदा. तोरियामांच्या 'डॉ. स्लंप'च्या टीव्ही मालिकेची पात्ररचनाही त्यांचीच, म्हणजे त्या गोलाईची त्यांना आधीपासून सवय होती. लहानगा गोकू, बुल्मा, ऊलाँग हे सगळे त्यांच्याकडे मऊ आणि गुबगुबीत आहेत. 'झेड'मध्ये गोकू मोठा झाला, तरी सुरुवातीच्या भागांत ती गोलाई टिकून आहे.

'झेड'मधल्या सेल या खलनायकाच्या पर्वानंतर कात्सुयोशी नाकात्सुरू डिझायनर झाले. तोरियामांचं बदलत गेलेलं चित्रण, ती वाढती कोनदार रेघ, त्यांनी इतकी आत्मसात केली होती की दोघांची चित्रं वेगळी ओळखणं चाहत्यांना आजही जड जातं. त्यांचा वाटा नकलेवर थांबत नाही. 1990 च्या टीव्ही विशेष भागासाठी गोकूचा बाप बारडॉक हवा होता. त्याचा पहिला आराखडा नाकात्सुरूंनी केला, तोरियामांनी त्यावर हात फिरवला, आणि नंतर तोरियामांना तो इतका आवडला की मूळ मांगाच्या एका प्रसंगात बारडॉक येऊन गेला. टीव्हीच्या माणसाने घडवलेलं पात्र मूळ कथेत गेल्याची अशी उदाहरणं फार नाहीत. पुढे 1996 च्या 'जीटी'मध्ये सुपर सायान 4 चं रूपही नाकात्सुरूंचंच: लाल केसाळ अंग, काळे मोकळे केस, डोळ्यांभोवती लाल कड. त्याआधीचे बदल मुख्यतः केस आणि स्नायू यांच्यावर चालत. इथे त्यांनी गोकूच्या सायान जमातीच्या माकड-रूपाचा धागा पकडला. ती मालिका अनेकांना आवडली नाही, पण हे रूप तीस वर्षांनीही टिकून आहे, आणि ते डिझायनरचं यश आहे असं ठामपणे म्हणता येतं.

तिसरे यामामुरो. 'झेड'च्या अनेक गाजलेल्या भागांचे आणि चित्रपटांचे साक्कान असल्याने 2013 नंतरच्या पुनरागमनाची पात्ररचना त्यांच्याकडे येणं स्वाभाविक होतं. 'ड्रॅगन बॉल सुपर' 5 जुलै 2015 ला सुरू झाली आणि 131 भाग चालली. पण आता सेल, म्हणजे ज्यांवर हाताने रंग भरत ते पारदर्शक पत्रे, गेले होते, संगणकावर रंग भरला जात होता. त्यांची ताठ, नेमकी रेघ आणि त्वचेवरची चकाकी हाताने रंगवलेल्या सेलवर दमदार दिसायची. गुळगुळीत डिजिटल रंगात ती प्लास्टिकसारखी वाटू लागली. शिवाय अशी काटेकोर रचना इतरांना हलवायला अवघड जाते. जबड्याचा कोन थोडा चुकला की लगेच डोळ्यांत भरतं.

मग 14 डिसेंबर 2018 ला 'ड्रॅगन बॉल सुपर: ब्रोली' हा चित्रपट आला आणि त्याचे डिझायनर होते नाओहिरो शिंतानी. त्यांनी रेघा कमी केल्या. छाती-पोटाच्या स्नायूंचे तुकडे काढून टाकले, अंगकाठी सडपातळ केली, चकाकी जवळजवळ संपवली, सावलीचे आकार मोठे आणि साधे ठेवले. स्थिर चित्रात हा गोकू अनेकांना आधी 'अर्धवट' वाटला. पडद्यावर हललेला पाहिल्यावर त्यामागचा विचार कळला. रेघ कमी म्हणजे ॲनिमेटरला शरीर वाकवायला, ओढायला, फिरवायला मोकळीक. त्या चित्रपटातली लांबलचक लढाई मागच्या रचनेवर त्याच दमाने उभी राहिली असती, असं वाटत नाही. डिझायनरच्या एका निर्णयाने बाकी सगळ्यांचे हात मोकळे होतात ते असे.

'दाइमा' ही 2024 ची मालिका पुन्हा नाकात्सुरूंकडे गेली, आणि पात्रं लहान होताच तोरियामांची जुनी गोलाई परत दिसली.

ज्यांचा हात लपत नाही

नाओतोशी शिदा हे नाव 'झेड'पासून 'सुपर'पर्यंत श्रेयनामावलीत येत राहतं. त्यांच्या कटमध्ये पात्रं हवेत सलग कोलांट्या घेतात, कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतो, हातपाय रबरासारखे ताणले जातात आणि कट लवकर तुटत नाही. साक्काननी चेहरा बदलला तरी हे वळण झाकलं जात नाही, कारण ते टाइमशीटमध्ये असतं. 'सुपर'मध्ये युया ताकाहाशी या साक्कानने उलट मार्ग घेतला. नव्वदच्या दशकातल्या कोनदार चेहऱ्यांकडे आणि टोकदार सावल्यांकडे ते मुद्दाम परत गेले. अधिकृत संच यामामुरोंचा, पण त्यांच्या भागांत गोकू त्यांचाच दिसतो.

'नारुतो' या दुसऱ्या दीर्घ मालिकेत हेच जास्त टोकाला गेलं. तेत्सुया निशिओ यांनी पात्रं वास्तव हाडामांसाच्या जवळ, मोजक्या रेघांत बांधली होती. अशी रचना वळवायला सोपी. 2005 च्या 133 व्या भागात आत्सुशी वाकाबायाशी यांनी दिग्दर्शन केलं आणि नोरिओ मात्सुमोतोंसारख्या ॲनिमेटरने नारुतो-सासुकेची झुंज काढली. नेटकेपणा मुद्दाम सोडलेली, पण अंगावर येणारी. 2010 साली 'शिप्पुदेन' या पुढच्या नारुतो-मालिकेच्या 167 व्या भागात वाकाबायाशींनीच पेन नावाच्या खलनायकाशी झालेल्या लढाईत चेहरे आणखी वाकवले, फुगवले, तेव्हा प्रेक्षकांनी गोंधळ घातला. थांबवलेली फ्रेम पसरत गेली आणि 'नारुतोचं वाटोळं केलं' असा सूर लागला. त्या फ्रेम सेकंदाच्या चोवीसाव्या भागासाठी काढलेल्या होत्या. चालू ठेवून पाहिलं तर धक्का आणि वस्तुमान जाणवतं. पण आक्षेपाला आधारच नव्हता असंही नाही. आदल्या आठवड्यापर्यंत ज्या चेहऱ्याची सवय होती तो एकदम नाहीसा झाला, की प्रेक्षक कथेबाहेर फेकला जातो. दीर्घ मालिकेत मोकळीक कुठवर द्यायची हा प्रश्न दिग्दर्शकाला प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागतो.

बिघडतं तेव्हा काय बिघडलेलं असतं

ऑगस्ट 2015 मध्ये 'सुपर'चा पाचवा भाग लागला आणि गोकू-बीरसच्या लढाईतले वेडेवाकडे चेहरे जगभर चेष्टेचा विषय झाले. 'शिप्पुदेन'च्या 167 व्या भागाशी त्याची तुलना करू नये. तिथे वाकवणं हेतुपुरस्सर होतं, इथे दुरुस्त्या पोहोचल्याच नव्हत्या. डिस्कवर विकायच्या आवृत्तीत त्यातली बरीच चित्रं नव्याने काढली गेली, म्हणजे काय चुकलं ते करणाऱ्यांना माहीत होतं. एप्रिलमध्ये चित्रपट, जुलैत मालिका, आणि दोन्हींना तेच हात हवेत. अशा घाईत पहिला बळी जातो तो साक्कानच्या पिवळ्या कागदाचा.

घाई ओळखायला श्रेयनामावली पुरते. एका भागाला एक किंवा दोन साक्कान असतील तर काम साधारण वेळेत चाललं आहे. दहा-बारा असतील तर कट अक्षरशः वाटून घ्यावे लागले. मुख्य ॲनिमेटरच्या यादीखाली 'दुसरं गेंगा' ही मोठी यादी दिसली, तर त्याचा अर्थ असा की पहिल्याने कच्चं रेखाटन आणि टाइमशीट दिली आणि स्वच्छ चित्र दुसऱ्याने काढलं. ही पद्धत आज सर्रास आहे आणि एरवी बिनतक्रार चालते. पण रेखाटन फारच कच्चं असेल तर दुसरा माणूस अंदाजाने काढतो आणि पहिल्याच्या हाताची धार तिथेच जाते. चित्रांचा आकडा किंवा पैसा वाढवून यावर इलाज होत नाही. लागतात ते आठवडे. 'वन पीस' या तोएईच्याच दीर्घ मालिकेने जुलै 2019 मध्ये, 892 व्या भागापासून, वानो पर्वाला मिदोरी मात्सुदा यांची नवी पात्ररचना आणली, तेव्हा रेघेची जाडी-बारीकी आणि रंगांची उब हा बदल सगळ्यांना दिसला. त्यांच्या आधीचे डिझायनर काझुया हिसादा, म्हणजे 'झेड'च्या पाळीतले तेच साक्कान.

हे सगळं स्वतः तपासायचं असेल तर 'झेड'चे कुठलेही दहा सलग भाग घ्या, श्रेयनामावलीतून साक्कानचं नाव आणि शेजारी गोकूच्या हनुवटीचा, डोळ्यांचा एक-एक स्थिरचित्राचा नमुना लिहून-चिकटवून ठेवा. दहा भागांत किमान एक नाव परत येईल, आणि त्या नावाबरोबर तो जबडाही.